घरात काही कमी नाही

पिंप्राळा, जळगाव
९ जून २०२४

आधारभाऊ,

तुमच्या कानांमुळे का होईना, माझी पत्र लिहायची सवय टिकून आहे. बाकी सगळ्यांशी फोनवरच बोलणं होतं. तुम्हाला मात्र फोनवर ओरडून सांगितलं तरी 'हां हां' करता आणि मग द्रौपदावहिनीला विचारता, काय म्हणत होती? म्हणून हे पत्र.

घराचं काम एकदाचं संपलं. पुढची खोली वाढवून मोठा हॉल केला. त्याला रस्त्याच्या बाजूने वेगळं दार ठेवलं, पाहुण्यांसाठी. पांढऱ्या फरश्या, स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा, आणि मृणालीने पुण्याहून ऑर्डर करून एसी बसवून दिला. कॉलनीतल्या बाया येतात आणि चप्पल काढून फरशीवर पाय फिरवून बघतात. मला हसू येतं, पण बरंही वाटतं. चटईचा कारखाना बंद पडला त्या वर्षी तुम्ही ज्वारीचं पोतं डोक्यावर घेऊन या दारात आला होता. मी तेव्हा शेजारणीला सांगितलं होतं, भावाच्या शेतातली आहे. तुम्हाला शेत कुठलं?

आता तसे दिवस नाहीत. मृणालीला यंदा बढती मिळाली. विमा कंपनीचं काम, सगळं परदेशातल्या लोकांचं. वडिलांनी एवढी वर्षं मशीनवर घालवून जे कमावलं नाही ते ती या वयात कमावते. कर्ज काढलं तेही तिच्याच नावावर, पण बँकेने तिला ताटकळतसुद्धा ठेवलं नाही, लगेच दिलं.

हे बरे आहेत. सकाळी पेपर, मग टीव्ही. या उन्हात बाहेर जाऊन करणार तरी काय? मी म्हणते, जन्मभर यंत्राच्या घरघरीत राहिलात, आता थंड हवेत बसा. ते बसतात.

यांचा एसीत बसलेला फोटो वहिनीच्या मोबाइलवर पाठवला आहे. बघा.

सुलक्षणा


सोनगीर
२२ जून

सुलक्षणा,

पत्र मिळालं. घर चांगलं झालं, ऐकून समाधान वाटलं. पोत्याचं विसर आता. तू लहानपणी माझ्या भट्टीवरचे कोळसे चोरून चुलीला न्यायचीस, ते मी काढतो का?

मला मोबाइलमधलं बारीक दिसत नाही, म्हणून फोटो द्रौपदाने बघितला. ती म्हणाली, फरशी झकास आहे. मग म्हणाली, सुकदेवराव सोफ्याच्या अगदी कडेला बसलेत. पुढच्या स्टॉपला उतरायचं असलं की माणूस एसटीत बसतो तसे. बायकांना असलं काहीतरी दिसतं. मी लिहिणार नव्हतो, पण लिहिलं.

त्यांना चार दिवस इकडे पाठव. आमच्याकडे एसी नाही, पण किल्ल्याकडून संध्याकाळी वारा येतो. धंद्याचं म्हणशील तर हंडे-घागरी कुणी घेत नाही. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांना मात्र आता ठोक्याचे तांब्याचे पेले लागतात. ज्यांच्या आईबापांनी घरातले हंडे मोडीत घातले, तेच आता असल्या पेल्यातून पाणी पितात म्हणे. एक व्यापारी धुळ्याहून येतो आणि माल नेतो. पोटापुरतं चाललं आहे.

बठ्ठं बरं शे, सगळं बरं आहे, असं शेवटी लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

आधार


पिंप्राळा
१४ ऑगस्ट

भाऊ,

उशिराने लिहिते आहे. मध्ये जरा गडबड होती.

हे नाशिकला गेले आहेत. कारखान्यातले एक जुने सोबती तिकडे असतात, त्यांनी नवीन मशिनं बसवायच्या कामाला बोलावलं. महिना-दोन महिने लागतील. मी नको म्हणत होते, गरज काय, पण मित्राला नाही म्हणता येईना. तुमच्याकडे यायचं राहिलं.

मी मजेत आहे. सगळ्या घरात एकटी. हॉलमध्ये झोपते. एसी लावला की बाहेरचं काही ऐकू येत नाही, कुत्र्यांचं भुंकणंसुद्धा. सकाळी उठल्यावर क्षणभर कळत नाही की आपण कुठे आहोत.

मृणाली रोज फोन करते, पण तिला वेळ नसतो. तिच्या लग्नाचं बघायला हवं. धुळ्याचं एक स्थळ सांगून आलं आहे. मुलगा इंजिनिअर, घरचं चांगलं.

वहिनीला दोनदा फोन केला, लागला नाही. तिची तब्येत ठीक आहे ना?

सुलक्षणा


सोनगीर
२७ ऑगस्ट

सुलक्षणा,

द्रौपदाचा फोन बिघडला आहे. दुरुस्तीला धुळ्याला द्यायचा आहे, जमलं की देऊ. तिची तब्येत उत्तम.

सुकदेवराव नाशिकला गेले ते बरं झालं. काळजी करू नकोस. माणूस कुठेही असला तरी त्याला दोन वेळचं जेवायला घालणारं कुणीतरी असतंच. झोपही लागत असेल. कामावरच्या माणसाला झोप लागते.

ते आले की त्यांच्यावर ओरडू नकोस, एवढं माझं ऐक.

स्थळ धुळ्याचं असेल तर मी चौकशी करतो.

आधार


पिंप्राळा
३० सप्टेंबर

भाऊ,

मी तुमच्याशी खोटं बोलले. हे नाशिकला नाहीत. ते घरातून निघून गेले आहेत, जुलैच्या शेवटी. मोबाइल टीव्हीशेजारी ठेवून गेले. दोन दिवसांनी कुणाच्या तरी फोनवरून बोलले, "मी बरा आहे, शोधू नको," आणि ठेवून दिला. म्हणून पोलिसात गेले नाही. मृणालीलाही नाशिकच सांगितलं आहे. तिने खोदून विचारलं नाही. पप्पांना काम मिळालं म्हणून खूश झाली.

भांडण झालं नव्हतं. तुम्ही हेच आधी विचाराल म्हणून सांगते. त्या दिवशी विद्यापीठातली एक मुलगी आली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. कारखाने बंद पडले त्या भागातल्या घरांचा अभ्यास करते म्हणाली. मी तिला हॉलमध्ये बसवलं, सरबत दिलं. पूर्वी घरात किती यायचं, आता किती येतं, घरात काय काय आहे. मी सगळं सांगितलं, जरा अभिमानानेच. मग तिने विचारलं, "काकू, शून्य ते दहामध्ये, तुम्ही तुमच्या आयुष्याबद्दल किती समाधानी आहात?" मी आठ म्हणाले. दोन देवाच्या नावाने ठेवले.

मग ती यांच्याकडे वळली. "काका, तुम्ही?"

हे म्हणाले, "जिचा पगार आहे तिला विचारा."

"तसं नाही काका, तुमचं स्वतःचं सांगा."

हे कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसले. मुलगी अवघडली. मीच म्हटलं, "यांचंही आठच लिही गं." तिने लिहिलं. ती गेल्यावर यांनी सरबताचे ग्लास उचलून आत नेले, धुतले, पुसले. संध्याकाळी भाजी आणायला पिशवी घेऊन बाहेर पडले. त्यानंतर आलेच नाहीत.

मला रडू येत नाही, भाऊ. येईल येईल म्हणून वाट बघितली. मी उठते, फरशी पुसते, एकटीचा स्वयंपाक करते, मालिका बघते. शेजारी विचारतात तेव्हा नाशिक सांगते. इतक्यांदा सांगितलं आहे की मलाच कधी कधी ते नाशिकला दिसतात.

कॉलनीतल्या एकाने चाळीसगाव स्टेशनवर त्यांना बघितलं म्हणे. खरं-खोटं माहीत नाही. भाऊ, तुम्ही एकदा चाळीसगावला जाऊन याल का? धुळ्याचे लोक दिवाळीनंतर मुलगी बघायला येणार आहेत. बाप घरात नाही, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

तुमची
सुलक्षणा


सोनगीर
९ ऑक्टोबर

सुलक्षणा,

चाळीसगावला जायची गरज नाही. सुकदेवराव इथे आहेत. पहिल्या दिवसापासून इथेच आहेत.

तुझी पत्रं मी भट्टीपाशी बसून वाचत होतो आणि ते समोर बसलेले असायचे. तुला लिहायचं नाही, असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला होता. द्रौपदाचा फोन ठणठणीत आहे. तुझ्याशी खोटं बोलता येणार नाही म्हणून ती उचलत नव्हती. आता तुझं हे पत्र मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, कळवा.

काय झालं ते सांगतो. भाजीची पिशवी हातात, चेहऱ्यावर हायवेची धूळ, असे ते दारात उभे राहिले. माझ्या डाव्या कानाशी येऊन ओरडले, "आधारभाऊ, काही काम शे का? पैसा नको माले." मला वाटलं जुगार, कर्ज, नाहीतर बाई. तसं तोंडावर विचारलंही. त्यांनी मान हलवली. मी त्यांच्या हातात हातोडा दिला.

नंतर द्रौपदाशी बोलले. मला ते ऐकू गेलं नाही, तिने सांगितलं. म्हणाले, "वहिनी, मना घरमा काहीच कमी नही. मंग तठे मी कसाले शे?" ज्या घरात काही कमी नाही, त्या घरात आपण कशाला, हा त्यांचा प्रश्न.  

आता दुसरी बाजूही ऐक, म्हणजे तुझा गैरसमज होणार नाही. त्यांचं काम वाईट आहे. आपल्या जातीचा धंदा असला तरी त्यांच्या वडिलांनीच तो सोडला होता, हातात काही उतरलेलं नाही. त्यांनी ठोकलेले पेले मी पुन्हा ठोकतो. व्यापारी बघून हसला. दोन माणसांना पुरेल एवढं कामही माझ्याकडे नाही. आणि ते इथे सुखात आहेत असंही मी म्हणणार नाही. हसत नाहीत, गप्पा मारत नाहीत. दिवस मावळला की दमलेले असतात, जेवतात, झोपतात. एवढंच.

माझ्यापुरतं सांगतो. मला माझ्या स्वतःच्या हातोड्याचा आवाज येत नाही, त्याला वर्षं झाली. पण ते समोर बसून ठोकतात तेव्हा जमिनीतून माझ्या मांडीला कळतं की कुणीतरी आहे. म्हणूनही मी तुला लवकर कळवलं नाही. शब्द दिला होता हे खरं, पण हेही खरं.

तू म्हणशील तेव्हा पाठवतो.

आधार


पिंप्राळा
२० ऑक्टोबर

भाऊ,

पाहुणे १० नोव्हेंबरला, रविवारी येणार आहेत. मृणाली आदल्या दिवशी येईल. त्यांना शनिवारी सकाळच्या गाडीत बसवा. दाढी करून पाठवा. हात स्वच्छ करायला सांगा.

तुमच्यावर रागावले आहे का, ते मला ठरवता येत नाही. वहिनीला सांगा, फोन उचलत जा.

सुलक्षणा


पिंप्राळा
१४ नोव्हेंबर

भाऊ,

रविवारचं सांगायला बसले आहे. फोनवर वहिनीला थोडं बोलले, पण ती तुमच्या कानाशी ओरडून काय आणि किती सांगणार?

हे शनिवारी आले. पिशवीत पेढे होते, सोनगीरहून घेतलेले. मी पाणी दिलं. ते हॉलमध्ये बसले नाहीत, मागच्या खोलीत जाऊन बसले. मृणाली आली आणि त्यांचे हात बघून म्हणाली, "पप्पा, नाशिकला भाजलं का?" हे म्हणाले, "नाशिक नाही, सोनगीर. मामाकडे होतो." मी ओट्यापाशी होते, माझ्या हातून काही पडलं वगैरे नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि बॅग आत नेली.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, आईवडील, एक काका. चांगली माणसं, मी त्यांना नावं ठेवणार नाही. घर बघून खूश झाले. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "आपण काय करता?"

मी म्हणणार होते की निवृत्त आहेत. आम्ही तसं ठरवलंही होतं. हे म्हणाले, "कारखाना बंद पडल्यापासून मी काही कमवत नाही. हे घर मुलगी चालवते. तुम्ही बसलात तो सोफा, ही फरशी, सगळं तिचं आहे."

 मग मुलाच्या आईने, अगदी हळू आवाजात, विचारलं, "मग लग्नानंतर?"

भाऊ, खरं सांगते, हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता. मृणाली म्हणाली, "लग्नानंतरही मीच चालवीन. कर्ज माझ्या नावावर आहे." मुलाने मान खाली घातली. काकांनी पोह्यांची तारीफ केली. जाताना म्हणाले, कळवतो. त्यांनी काही कळवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

ते गेल्यावर मी यांना म्हटलं, "एवढं खरं बोलायची काय गरज होती? एक दिवस निघाला नसता?"  मृणाली बोलली. तिचा आवाज चढला नव्हता. "आई, वर्षभर तू रोज फोनवर बोललीस. पगार वाढला का विचारलंस, बढतीचं विचारलंस, एसी कधी येणार विचारलंस. काम कसं आहे, हे एकदा तरी विचारलंस का?"

मी म्हटलं, "चांगलंच असणार ना?"

ती म्हणाली, "लोकांचे आजारपणाचे दावे येतात. त्यातले जास्तीत जास्त नाकारायचे, त्याचं मला बक्षीस मिळतं. बढती त्याचीच."

मग तिचे पप्पा बोलले. "दमलीस?"

"हो."

"मीही दमतो आजकाल. बरं वाटतं मला."

"मला नाही वाटत, पप्पा," ती म्हणाली.

दोघं तिथेच बसून राहिली. बाप सोफ्यावर नाही, तिच्याशेजारी खाली फरशीवर. मी त्यांच्यासमोर उभी होते आणि मला एवढंच दिसत होतं की यांच्या टाचांच्या भेगांतली काजळी पांढऱ्या फरशीला लागते आहे.

हे मी फक्त तुम्हालाच लिहू शकते. भाऊ, मला ते सगळं आवडत होतं. फरशी, थंड हवा, बायकांचं येऊन बघणं. त्या मुलीला मी आठ सांगितले ते खोटं नव्हतं. नवरा रिकामा होत गेला, मुलगी तिकडे झिजत होती, आणि या घरात मी एकटी समाधानी होते. याची लाज वाटायला हवी. मी रोज बघते वाटते का, पण काहीच वाटत नाही.

मंगळवारी मृणाली पुण्याला गेली. हे अजून इथे आहेत. राहणार का, मी विचारलेलं नाही.

सुलक्षणा


सोनगीर
२६ नोव्हेंबर

सुलक्षणा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. द्रौपदाला वाचून दाखवलं. ती रडली, मग तिने मला सांगितलं ते असं: "तिले सांगा, आवडनं तर आवडनं. चोरी करी का?" आवडलं तर आवडलं, तू चोरी केली नाहीस. मला वाटतं ती बरोबर बोलली.

सुकदेवरावांना इथे परत पाठवू नकोस. माझा जीव पाठव म्हणतो, पण पाठवू नकोस. त्यांना यंत्राची जाण आहे. माझ्या भात्याचा पंखा त्यांनी असा बसवून दिला की मी बघत राहिलो. तांब्यात त्यांचं मन नाही, मोटारीत आहे. तिथे एमआयडीसीत डाळमिल आहेत, जिथे यंत्रं बिघडतात तिथे त्यांची गरज असणार. पगार कमी देतील. देऊ दे.

मृणालीने नोकरी सोडली तर तिला बोल लावू नकोस. हप्त्याचं काय, ते तुम्ही तिघं मिळून ठरवा. मी ज्वारीशिवाय काही देऊ शकणार नाही.

आधार


पिंप्राळा
१९ जानेवारी २०२५

भाऊ,

तुम्ही सांगितलं तसं बरंचसं झालं, पण तुम्ही सांगितलं म्हणून नाही.

हे डिसेंबरपासून एका डाळमिलमध्ये फिटर आहेत. पहाटेची पाळी. अंगाला तुरीच्या टरफलांचा वास येतो, डोळे लाल होतात. पगार कारखान्याच्या शेवटच्या पगाराइतकाही नाही. मालक तरुण आहे, यांना 'ए काका' म्हणतो. मी विचारलं, चालतं का तुम्हाला? म्हणाले, "मोटार बंद पडली की काकाच आठवतो."

मृणालीने राजीनामा दिला. महिनाभर घरी झोपली. अक्षरशः झोपली, दुपारी उठायची, जेवायची, पुन्हा झोपायची. मी एकदाही उठवलं नाही. पुढच्या महिन्यापासून इथल्याच एका सीएंच्या ऑफिसात जाणार आहे. पूर्वीच्या निम्म्याहून कमी मिळतील. लग्नाचं नाव काढत नाही, आणि मीही काढत नाही. दोघांच्या पगारात मिळून हप्ता भागणार नव्हता, म्हणून हॉल भाड्याने दिला. दवाखान्यात काम करणाऱ्या दोघी बहिणी आल्या आहेत. ते रस्त्याकडचं वेगळं दार आता त्यांचं. सोफा आणि एसी त्यांच्याकडेच गेला. मधल्या दाराला आम्ही कपाट लावलं. आम्ही तिघं मागच्या दोन खोल्यांत राहतो, अंथरुणं घातली की पाय ठेवायला जागा उरत नाही.

तुम्हाला वाटेल, आता सगळं ठीक झालं. तसं म्हणता येणार नाही. मृणाली माझ्याशी कामापुरतं बोलते. कपाटापलीकडून त्या मुलींच्या हसण्याचा आवाज येतो तेव्हा मला माझी फरशी आठवते. पुन्हा कुणी शून्य ते दहा विचारलं तर मी आठ म्हणणार नाही. पण मग किती म्हणणार, तेही माहीत नाही.

काल संध्याकाळी हे कामावरून आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. मी चहा दिला. एक घोट घेऊन कपाळाला आठी घालून म्हणाले, "काय गं हा चहा? साखर घालायला विसरलीस की काय?"

मी उभीच राहिले. कारखाना बंद पडल्यापासून या माणसाने पुढ्यात येईल ते मुकाट्याने खाल्लं-प्यायलं होतं. खारट, अळणी, शिळं, काही. एकदाही नाव ठेवलं नव्हतं. मी त्याला आराम समजत होते.

मी ओट्यापाशी गेले, साखरेचा डबा काढला आणि रडायला लागले. आवाज न करता, पण बराच वेळ. मृणाली पुस्तकातून वर बघायला लागली. कशासाठी रडले ते मला सांगता येणार नाही, भाऊ. माझा हॉल गेला म्हणूनही असेल.

मागून हे म्हणाले, "अगं, राहू दे, चालेल तसाच."

मी म्हटलं, "नाही, चालायचं नाही," आणि दोन चमचे घातले.

सुलक्षणा